एक जूनची पद्मा

ताई, तुमी मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझं चरित्र लिवून घ्यायला आलाय, बसा, पंखा लावते, पन आदीच सांगते, शाल-नारळाचा फोटो छापू नका आन सेवाव्रती बिवाव्रती असलं काही माझ्या नावापुढं लिवू नका. मी सांगते ते लिवा. एका पोरीसाठी मला एक वाक्य बोलायचं हुतं, चारचौघांत, एकच वाक्य, ते मी बोलले न्हाय, आन त्याचं काय झालं ते मी रोज डोळ्यानं बघते. बाकीचं सगळं आयुष्य तुमी चार ओळीत उरका, चालंल मला. पन तुमी म्हनता सुरुवातीपास्नं सांगा, तर सुरुवातीपास्नं सांगते, कारन ती सुरुवातबी ह्याच गोष्टीला येऊन मिळती.

मी मैंदर्गीची. अक्कलकोटच्या पलीकडं, तितनं कर्नाटक म्हंजे हाकेच्या अंतरावर. आमी बौद्ध, वस्ती गावाच्या कडंला, घरात मराठी आन बाजारात कानडी, आईला आमी अव्वा म्हनायचो, बापाला अप्पा. अप्पा सालगडी हुता, अव्वा खुरपायला जायची, दोघांनाबी अक्षर म्हनून ठाऊक न्हाय, पन अप्पाच्या डोक्यात काय बसलं हुतं कुनास ठाऊक, पोरगीला शाळंत घालायची म्हंजे घालायची. घेऊन गेला मला. गुरुजी दारात खुर्ची टाकून बसलेले. तवा जन्माचा कागद कुनाकडं हुता हो? गुरुजी सांगायचे, उजवा हात डोक्यावरनं पलीकडं ने आन डाव्या कानाला लाव. लागला तर सहा वर्सं पुरी, न्हाय लागला तर पुढल्या साली या. माझा हात काही लागंना. आन पुढल्या साली म्हंजे कधीच न्हाय, कारन अव्वाला दिवस गेलेले, पुढल्या साली मी घरी भाऊ सांभाळत बसले असते. अप्पा हात जोडून उभा. गुरुजी म्हनले, सन्न हुडगी हाय रे, लई बारीक पोर हाय ही, आन मग त्यांच्या मनात काय आलं, टेबलावरचा रूळ उचलला आन त्या रुळानं माझं कोपर वर ढकललं. हातानं न्हाय बरं का. आमाला शिवायचं न्हाय ना, म्हनून रुळानं. म्हनले, मान वाकव. मी मान वाकवली, बोटाचं टोक कानाला टेकलं, आन गुरुजींनी रजिस्टरात लिवलं, एक जून.

त्या मानसाला चांगलं म्हनावं का वाईट, आजपर्यंत मला ठरवता आलं न्हाय. शिवला न्हाय, पन शाळंत घेतलं. त्या एका ढकलन्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं बघा. सातवी झाले, अक्कलकोटला पुढं शिकले, डीएड केलं, सोलापुरात शाळंवर लागले, लगीन झालं ते बी मास्तराशी, आन त्यांची बी जन्मतारीख एक जून. आमच्या घरात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी, आन दोघांचाबी खोटा. आमी हसायचो. आज कागदावर मी ऐंशीची, खरी अठ्ठ्याहत्तरची असंन. मला त्या खोट्या तारखेनं कधी काही त्रास दिला न्हाय, दिलं ते सगळं चांगलंच दिलं, आन म्हनूनच माझं चुकलं. आपल्याला एक औषध लागू पडलं की आपन ते सगळ्या गल्लीला वाटत सुटतो, तसं.

चहा प्या, निवतोय. आन ते पेनाचं टोपन चावू नका, पोरं चावतात तसं.

तर माझी शाळा. विडी कामगारांची वस्ती, निम्मी घरं तेलुगू, बाप यंत्रमागावर, आया घरात विड्या वळत बसलेल्या. तुमी बघितलंय का कधी? मांडीवर सूप, सुपात पानं, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, आन शेजारी पोरगी बसलेली. पोरगा उंडारायला मोकळा, पोरगी सुपाशेजारी. चार वर्साची पोर पानं पुसती, पाच वर्साची दोरा गुंडाळती, सहा वर्साची झाली की तिचं तिला सूप मिळतं, आन एकदा तिचं तिला सूप मिळालं की ती पुन्हा उठत न्हाय. मी बघितलंय हो. सहा पुरी व्हायची वाट बघत बसलं तर पोरगी गेली हातची. म्हनून मी जून उजाडायच्या आदी घरोघरी फिरायची, ऊन मी म्हनायचं, डोक्यावर पदर घ्यायची आन फिरायची, आन चार-साडेचारच्या पोरी सुपाशेजारनं उचलून आनायची. दाखला कुनाकडंच नसायचा, बाळंतपनं माहेरी व्हायची, तिकडं तेलंगनात, खेड्यात, कोन कागद करतंय. मग मी तेच, हात डोक्यावरनं ने, कानाला लाव. न्हाय लागला की मी कोपर धरून ढकलायची. मी हातानं धरायची. रूळ मी त्या कामाला कधी वापरला न्हाय, त्याचा मला लई अभिमान हुता. माझ्या रजिस्टराची पानंच्या पानं एक जून, एक जून, एक जून. हेडमास्तर हसायचे, म्हनायचे, बाई, तुमच्या वस्तीत बाकीच्या दिवशी कोन जन्माला येतच न्हाय का.

पद्मा त्यातली. नरसम्माची पोरगी. नरसम्मा स्वतःच मागं लागली हुती माझ्या, घ्या की बाई, माझी सासू हिला दोऱ्याला बसवायला निघालीय, एकदा बसली की गेली, घ्या की. मी म्हनले, किती वर्साची? म्हनली, चार झाली, पाचवं लागलं. काय सांगू तुमाला, एवढीशी, गुडघ्यावर खपली, केसाला चपचपीत तेल, आन डोळे असे की समोरच्याचं सगळं वाचून घ्यावं. हात डोक्यावरनं नेला तर बोटं टाळूवरच थांबली. कान लई लांब राहिला. मी म्हनले, मान वाकव. वाकवली. तरी न्हाय. मी कोपर धरलं आन ढकललं, ती आई गं म्हनली, आन मग खुदकन हसली, म्हनली, बाई, लागला की. मी लिवलं, एक जून, आन साल दोन वर्सं मागचं. खाली नरसम्माचा अंगठा. दोन वर्सं. पेनाच्या एका फटक्यात मी त्या पोरीची दोन वर्सं उचलली आन मला वाटलं मी तिला काहीतरी दिलं.

बाकाखाली तिचे पाय लोंबकळायचे म्हनून मी दोन विटा आनून ठेवल्या हुत्या. पहिली ते चौथी माझ्याच वर्गात. फळ्याला हात पोचायचा न्हाय तर खडूच्या खोक्यावर उभी राहून लिवायची. मराठी अशी बोलायची की कोनी म्हनंल ही शुक्रवार पेठंतल्या मराठी घरातली. मी वर्गात शुद्ध बोलायची ना, आहे, नाही, होते, घरी आले की आपलं हाय आन न्हाय, तर ती माझी नक्कल करायची, मुलांनो, शांत बसा पाहू. सगळा वर्ग हसायचा, मीबी हसायची. म्हनायची, मी तुमच्यासारखी बाई होनार. आन झाली असती ताई, दहावीला शाळंत पयली आलती, बारावीला बी चांगले मार्क, डीएडचा फॉर्म आनून ठेवलेला तिनं. ह्या सगळ्यात ती बाकीच्यांपेक्षा दोन वर्सांनी बारीक हुती हे मी आन नरसम्मा सोडून कुनाच्या ध्यानातबी न्हवतं. माझ्यातरी कुटं राहिलं हुतं.

आता तुमचं ते समाजकार्य, ज्याच्यासाठी तुमी आलाय. मी रिटायर झाले, घरी बसवंना, तुमच्या मंडळात यायला लागले. तवा बालविवाहाचं काम सुरू झालेलं. बाकीच्या बायका जाऊन समजावून सांगायच्या, हात जोडायच्या, लोक गोड बोलून वाटंला लावायचे. मी समजावत बसत न्हवते. मी मांडवात जायची आन म्हनायची, दाखला काढा. शाळंचा दाखला. नवरीला साडी नेसवली की ती कितीचीबी दिसती, आई शपथ घेती, बाप रडतो, मामा भांडतो, पन कागद खोटं बोलत न्हाय. असं मी म्हनायची ताई, ह्या तोंडानं. कागद खोटं बोलत न्हाय. दाखल्यात अठरा पुरी नसली की सोबतचा हवालदार पुढं व्हायचा आन लगीन थांबायचं. मला लोक दाखल्यावाली बाई म्हनायला लागले. त्याच वर्सी तुमच्या लोकांनी मला ती शाल दिली.

आन एक दिवस पद्मा आली. मे महिना सरत आलेला. माझ्या ह्याच दारात उभी, चप्पल बी न घालता आलेली. म्हनली, बाई, अप्पांनी लगीन ठरवलंय, आत्याच्या पोराशी, भिवंडीला. मला डीएडला जायचंय. थांबवा की बाई. मी म्हनले, येडी हाय का, रडतीस काय, मी हाय की. सोळा वर्सांच्या पोरीचं लगीन लावायला तुझा बाप कोन लागून गेला, मी दाखला मागितला की त्याची वाचा बसंल. असं म्हनले. ती डोळं पुसून, पानी पिऊन, हसत गेली. मला तवा त्या दाखल्यात काय लिवलंय ते आठवलंच न्हाय. मीच लिवलेलं, आन मला तिचं खरं वय आठवलं, लिवलेलं न्हाय. इतक्या पोरींची वयं मी लिवली हुती की मला वाटायचं खरं हाय तेच कुटंतरी लिवलेलं असनार.

जूनच्या पयल्या आठवड्यात लगीन. मी गेले. सोबत सरकारी साहेब, एक हवालदार, मंडळाच्या दोन बायका. मांडवात वाजप थांबलं, लोक बाजूला झाले, माझा रुबाब हुता ना. तिचा बाप, राजय्या, पुढं आला. मला वाटलं आता हा आरडाओरडा करंल. पन न्हाय हो, तो वाकून माझ्या पाया पडला. म्हनला, बाई, तुमची भीती हुती म्हनून मे महिन्यातली तारीख सोडली की. एक जूनची वाट बघितली. काल-परवा अठरा पुरी झाली. असं म्हनून त्यानं पिशवीतनं प्लास्टिकच्या कव्हरातला दाखला काढला, लई जपून ठेवलेला, आन साहेबांच्या हातात दिला. म्हनला, बघा, बाईंचीच सही हाय.

साहेबांनी वाचलं, माझ्याकडं दिलं. माझं अक्षर. माझं वळन. खाली माझी सही, वर्गशिक्षिका. राजय्या काही लबाड न्हवता, त्याला पोरीची नेमकी तारीख ठाऊक नसंल, बापाला कुटं असती, तो आपला कायद्यानं चाललेला. नरसम्मा कोपऱ्यात पदर तोंडात कोंबून उभी, तिला ठाऊक हुतं, पन तिनं बोलायचं कसं, नवऱ्यापुढं, सासूपुढं, सगळ्या जातवाल्यांपुढं. बोलायचं मी हुतं.

पद्मा बाशिंग बांधून बसलेली. ती उठली. भरल्या मांडवात नवरी उठून उभी राहिली आन साहेबांना म्हनली, माझ्या वर्गात ती माझी नक्कल करायची ना, त्या शुद्ध मराठीत म्हनली, साहेब, ही तारीख खरी नाही. माझा हात कानाला पोचत नव्हता. बाईंनी मान वाकवायला लावली. बाईंनी कोपर ढकललं. सांगा की बाई.

चार वर्सांची असतानाचं तिला आठवत हुतं. कोपर दुखलं हुतं ना.

साहेब माझ्याकडं वळले. मानूस वाईट न्हवता, हळू आवाजात म्हनले, बाई, विचार करून बोला. ही नोंद तुमी जानूनबुजून चुकीची केली असं म्हननं असंल तर मला तुमच्याकडनं आत्ता लेखी घ्यावं लागंल, मग ती सरकारी कागदात खोटी नोंद झाली, तुमच्यावर चौकशी लागंल. लगीन आज थांबवता येईल, पन पुढचं तुमचं तुमी बघा. आन त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढं धरलं.

तुमी लिवताय न्हवं? लिवा. पेन माझ्यापुढं हुतं. तुमच्या पेनावानीच, निळं. मला नुसतं म्हनायचं हुतं, व्हय, हिचा हात पोचत न्हवता. एवढंच. नंतर मी माझ्या मनाची लई समजूत घातली, की मी बोलले असते तर रजिस्टरातल्या बाकीच्या सगळ्या पोरींच्या नोंदी खोट्या ठरल्या असत्या, कुनाची नोकरी, कुनाचं शिक्षन धोक्यात आलं असतं. पन खरं सांगू? त्या वेळेला मला एकबी पोरगी आठवली न्हाय. मला माझी शाल आठवली. पेन्शन आठवली. उद्या पेपरात काय येईल ते आठवलं. आन लोक म्हननार, बघा, दाखल्यावाली बाई. मी भ्याले. सरळ भ्याले. आन मी माझ्या वर्गातल्या मराठीत बोलले. म्हनले, साहेब, इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मला आठवत नाही.

पद्मा रडली न्हाय. तिनं माझ्याकडं बघितलं आन ती खाली बसली. वर्गात मी चुकीचं उत्तर देनाऱ्या पोराला बस म्हनायची, तसं ती स्वतःच स्वतःला बस म्हनल्यासारखी बसली. वाजप सुरू झालं. मंडळातल्या एक बाई म्हनल्या, जाऊ द्या, कायद्यानंच चाललंय ना, आपलं काम झालं. अक्षता वाटल्या, माझ्या हातातबी दिल्या. मी टाकल्या ताई. माझ्या ह्या हातानं मी त्या पोरीवर अक्षता टाकल्या.

घरी आले, मास्तर म्हनले काय झालं. मी म्हनले, अठरा पुरी हुती. ते बी गेले आता, आठ वर्सं झाली, त्यांना शेवटपर्यंत मी खरं सांगितलं न्हाय. त्यानंतर मी कुटल्या मांडवात गेले न्हाय. तुमाला मंडळात सांगितलं, गुडघे दुखत्यात. गुडघे तवा चांगले हुते.

पद्मा भिवंडीला गेली. पयलं पोर पोटातच गेलं, सतरावं लागलेलं तिला, अंगात रक्त न्हाय. मग दोन पोरी झाल्या. नवऱ्यानं मग दुसरी आनली आन ही पोरींना घेऊन आईकडं आली, आता पाच वर्सं झाली असतील. राजय्या वारलेला, नरसम्माला दिसत न्हाय नीट. आन पद्मा काय करती विचारा. विड्या वळती. दारात बसून, मांडीवर सूप. ज्या सुपाशेजारनं मी तिला चार वर्सांची उचलून नेली हुती, त्याच उंबऱ्यावर, त्याच सुपापाशी. मी रोज सकाळी दूध आनायला त्या गल्लीतनं जाते. दुसऱ्या वाटंनं जाता येतं मला, जवळबी पडंल, पन मी तितनंच जाते. ती मान वर करत न्हाय. पाच वर्सांत एक शब्द न्हाय.

आता ह्या उन्हाळ्यात काय झालं ते ऐका. त्यांच्याच गल्लीतल्या अंगनवाडीत मदतनिसाची जागा निघाली. भिंतीला नोटीस लागली, मी चष्मा लावून तीनदा वाचली. त्याच वस्तीतली पायजे, शिकलेली पायजे, आन वय पस्तिशीच्या आत. पोरांत बसायचं काम हो! शाळा न्हवे, पन शाळंच्या उंबऱ्यापर्यंत तरी. पद्मा बारावी पास. मी त्या दिवशी गल्लीत थांबले, म्हनले, पद्मा, जागा निघालीय, फॉर्म भर. तिनं मान वर केली न्हाय. पन भरला तिनं. थोरली पोरगी दहावीला हाय तिची, मामा-काका आतापास्नं विचारायला लागलेत, हिचं कुटं बघायचं का. घरात पगार येत असंल तर पोरगी शिकती, न्हायतर हाय सूप आन हाय मांडव. त्यासाठी भरला.

फॉर्म परत आला. दाखल्यानं ती छत्तीस. खरी चौतीस. माझी ती दोन वर्सं, ताई, ती दोन वर्सं पुन्हा तिच्या आडवी येऊन उभी राहिली. नरसम्मा आंधळी चाचपडत माझ्या दारी आली, म्हनली, बाई, आता तरी आठवलं का.

मी उठले. ऐंशीव्या वर्सी मी अशी धावले की डॉक्टर बघतील तर रागावतील. वकिलाकडं गेले, कागद करून घेतला, मी अमुक अमुक, शपथेवर सांगते की ही नोंद मी जानूनबुजून चुकीची केली, माझ्यावर जी काही कारवाई करायची ती करा. शाळंत गेले, आता तितं नवीन हेडबाई हायत, माझ्याच हाताखालनं शिकलेल्या पोराची बायको. तिनं जुनं रजिस्टर काढून दिलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पन पद्माची ओळ जशीच्या तशी. माझी शाई आन नरसम्माचा अंगठा. मी म्हनले, बाई, हे सुधारा. ती म्हनली, शाळा सोडल्यावर जन्मतारीख बदलता येत न्हाय, नियम हाय, तुमालाच ठाऊक. व्हय, मलाच ठाऊक. मीच कितीकांना हे सांगून परत पाठवलंय. मग हपिसात गेले. एका टेबलावरनं दुसऱ्या. मोठ्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पानी दिलं, सगळं ऐकून घेतलं, मांडवातलंबी मी लपवलं न्हाय. म्हनले, आजी, तवा आठवत न्हाय म्हनालात आन आता ऐंशीव्या वर्सी आठवलं, हे कोन धरंल? मी म्हनले, माझ्यावर केस करा. म्हनले, कशाला करायची, तुमचं वय बघा. मी म्हनले, मग माझी पेन्शन बंद करा. ते हसले हो. पोरकट म्हातारीला हसतात तसं. मला रिक्षात बसवून द्यायला शिपाई पाठवला. जवा भ्याले तवा त्या शब्दाला किंमत हुती, आन आता भीती गेली तर शब्द कोन घेईना. फुकट देते म्हनलं तरी घेईना.

काल शेवटची तारीख गेली.

काल संध्याकाळी मी त्या गल्लीत गेले. पद्मा दारात बसलेली, शेजारच्या बायका बी आपापलं सूप घेऊन ओळीनं बसलेल्या. मी उभी राहिले आन मोठ्यानं बोलले, वर्गात बोलायची तेवढ्या मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. म्हनले, हिचा हात कानाला पोचत न्हवता. मी मान वाकवायला लावली, मी कोपर ढकललं, आन मांडवात मला सगळं आठवत हुतं. मी खोटं बोलले. बायकांच्या कात्र्या थांबल्या. पद्माची थांबली न्हाय. तिनं हातातलं पान कापलं, तंबाखू भरली, दोरा गुंडाळला, विडी बाजूला ठेवली, आन मग पाच वर्सांनी, पाच काय, अठरा वर्सांनी माझ्याशी बोलली. म्हनली, बाई, हे तवा बोलायचं हुतं.

बास. तेवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी जायला वळले तर तिची थोरली आतनं पानी घेऊन आली. उंच झालीय, आईसारखेच डोळे. पद्मानं सूप जरा बाजूला सरकवलं आन म्हनली, बसा. मी बसले. पानी प्याले. ती विड्या वळत राहिली, मी बघत राहिले, आन दिवे लागायच्या वक्ताला उठून घरी आले.

आशीर्वाद कुनाला द्यायला तोंड न्हाय मला, पन त्या थोरलीला देते. तिचा दाखला दवाखान्यातला हाय, छापील, खरा. तिचं एक बी वर्स कुनी हलवू शकत न्हाय. मी जगले तर तिच्या मांडवापास्नं तिला लांब ठेवीन, सगळ्या भाऊबंदांशी भांडून ठेवीन, आन न्हाय जगले तर तुमी जा, हे तुमाला सांगून ठेवते, म्हनूनच तुमाला बसवून घेतलं.

आता शेवटचं लिवा. हपिसात घेतलं न्हाय, शाळंत घेतलं न्हाय, तुमच्या स्मरणिकेत तरी घ्या. माझं नाव घालून लिवा, आन माझ्या वर्गातल्या भाषेत लिवा, ज्या भाषेत मी खोटं बोलले हुते त्याच भाषेत. सावकाश सांगते. पद्माचा हात कानाला पोचत नव्हता. मला आठवत होते. लिवलं? आता मोठ्यानं वाचून दाखवा.